काटा कुणाच्या हातात?

नमस्कार श्रोतेहो. आमचा बायकांचा बचत गट आहे डिचोलीत. पडवीत वेचलेल्या प्लास्टिक बाटल्यांच्या गोणी चवथीच्या माटोळीसारख्या वर टांगलेल्या. खाली ठेवल्या तर उंदीर घर करतात, म्हणून.

एक लिटरची रिकामी बाटली हातात घ्या. जेमतेम 25-30 ग्रॅम. किलोभर व्हायला 35-40 बाटल्या लागतात. गोणी फुगते, काटा काही हलत नाही. टेम्पोवाला भाडं घेतो ते खरं तर आतल्या हवेचं.

आता हाच हिशेब केनियातल्या काकुमा छावणीत मांडा. 1992 साली सुदानमधल्या युद्धातून पळालेल्या लोकांसाठी ती वसली. पुढं सोमालिया, काँगोचे लोकही आले. केनियानं ऑगस्ट 2017मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली, बाटल्या मात्र राहिल्या. तिथल्या बायकांचे गट प्लास्टिक वेचतात, निवडतात, विकतात. पण नैरोबीची बाजारपेठ सातशे किलोमीटरहून लांब. एवढ्या लांब हवा कोण वाहून नेणार? बाटल्या दाबून गठ्ठे केले किंवा तुकडे केले, तरच ट्रक परवडतो. शिवाय छावणीबाहेर जायला निर्वासितांना परवाना लागतो. बाटली नैरोबीला जाते. ती वेचणारी बाई बाजारात जाऊन भाव विचारू शकत नाही. येईल त्या व्यापाऱ्याचा शब्द तोच दर.

शिधा मिळतो ना, मग हे कशाला, असं कुणी म्हणेल. बांगलादेशात कॉक्स बझारला 2023 साली रोहिंग्यांचं अन्नसाहाय्य माणशी महिना 12 डॉलरवरून मार्चात 10 आणि जूनमध्ये 8 डॉलरवर आलं. शिध्याच्या भरवशावर राहिलेल्या घरात असं झालं की हातात चार पैसे हवेतच.

निवडणं म्हणजे नुसतं वेचणं नव्हे, बरं का. बाटली आणि तिचं टोपण ही दोन वेगळी प्लास्टिकं. दोन्हींचे तुकडे पाण्याच्या बादलीत टाका: बाटली तळाला जाते, टोपण तरंगतं. वीज नको, यंत्र नको. पावसाळ्यात आम्ही पागोळ्यांखाली बादली लावून हे करतो. काकुमा ज्या तुर्काना भागात आहे, तिथल्या कोरड्या रानात मात्र बादलीभर पाणीच महाग. आणि पीव्हीसीचा, म्हणजे पाइपांच्या प्लास्टिकचा, तुकडा चुकून वितळवायला गेला, तर आम्लाचा वायू सुटतो, घसा धरतो. म्हणून निवडणारीचे डोळे सराईत लागतात, आणि त्या डोळ्यांचे पैसे तिला मिळायला हवेत.

मला विचाराल तर या बायकांना पिशव्या शिवायचे वर्ग नंतर द्या. आधी काटा द्या, मग दाबयंत्र, आणि दोन्ही त्यांच्याच नावावर करा.

हे मी उगाच म्हणत नाही. आमचा माल नेणारा एक भंगारवाला होता. त्याच्या काट्यावर आमच्या सगळ्या गोणी मिळून नेहमी 20-21 किलोवर अडायच्या. मागच्या वर्षी आम्ही वर्गणी काढून स्वतःचा काटा घेतला. पहिलीच खेप 24 भरली. तो म्हणाला, ‘वहिनी, काटा नवा आहे, जरा पुढं धावतो.’

आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या काकी काही बोलल्या नाहीत. शेजारच्या दुकानातून किलोकिलोच्या पाच मिठाच्या पुड्या आणल्या आणि एकेक करून काट्यावर ठेवल्या. काट्यानं पाच दाखवले.