सचिन की महेश? भांडा, पण नीट भांडा

मंडळी, चार मराठी माणसं गाडी करून कोकणात निघाली की पनवेल सुटायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "धनंजय माने इथेच राहतात का?", म्हणजे 'अशी ही बनवाबनवी', आणि मागच्या सीटवरून लगेच 'झपाटलेला'मधलं "ओम फट स्वाहा" येतं, आणि तिथून जी जुंपते ती चिपळूण आलं तरी मिटत नाही. सचिन पिळगावकर भारी डिरेक्टर की महेश कोठारे? एक म्हणतो तुमच्या महेशने काय केलं तर बाहुला पळवला, दुसरा म्हणतो तुमच्या महागुरू सचिनला स्वतःलाच हिरो घेतल्याशिवाय करमत नाही, त्यावर पहिला म्हणतो अरे मग इन्स्पेक्टर महेश जाधव कोण होता, तुझा काका? आणि मग सगळे हसतात.

मला हे भांडण फार आवडतं. त्याला टाइमपास म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की डिरेक्टर नक्की करतो काय हे समजून घ्यायला इतका चांगला मोका दुसरीकडे क्वचितच मिळेल. बघा ना, काळ तोच, १९८५ ते १९९५ च्या आसपासचा. कलाकार तेच. अशोकमामा, म्हणजे अशोक सराफ, दोघांकडे, लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे, दोघांकडे, निवेदिता जोशी दोघांकडे. दोघं डिरेक्टर स्वतः पडद्यावर. दोघंही बालकलाकार म्हणून आलेले, सचिन राजा परांजप्यांच्या 'हा माझा मार्ग एकला'मधून, महेश 'छोटा जवान'मधून, आणि १९६८ च्या 'राजा और रंक'मध्ये तर राजपुत्रही तोच आणि गरिबाचा पोरगाही तोच. म्हणजे दोघांचं लहानपण सेटवर गेलेलं. आता इतकं सगळं सारखं असताना पिक्चर मात्र इतके वेगळे निघतात, तर तो फरक आला कुठून? तो डिरेक्टरचाच ना!

रिमेकचा मुद्दा आधी उरकून टाकू, कारण दोन्ही टीम एकमेकांवर तो फेकतात. सचिनची 'अशी ही बनवाबनवी' १९८८ ची, ती हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'वरून. महेशचा 'धुमधडाका' १९८५ चा, तो 'प्यार किये जा'वरून, आणि तो स्वतःच श्रीधरच्या तमिळ पिक्चरवरून. त्याच्याच 'झपाटलेला'चा बाहुला अमेरिकेच्या 'चाइल्ड्स प्ले'मधून आलाय. झालं, फिट्टंफाट. गोष्ट कुठून आणली यावर भांडण्यापेक्षा आणल्यावर तिचं काय केलं यावर भांडा. 'बीवी और मकान' आज किती जणांना आठवतो? आणि बनवाबनवी टीव्हीवर लागली की अजून लोक हातातलं काम टाकून बसतात.

आता सचिनची बाजू. सचिनची ताकद म्हणजे माणसं एका खोलीत कोंडायची आणि त्यांना बोलायला लावायचं. वसंत सबनिसांची लेखणी हाताशी होती हे विसरू नका, टीम सचिन हे नाव पटकन गिळून टाकते आणि ते बरोबर नाही. पण लिहिलेलं वाक्य पडद्यावर उभं करायला कान लागतो. बनवाबनवीतला "हा माझा बायको पार्वती" हा सीन घ्या. समोर लीलाबाई काळभोर, म्हणजे नयनतारा, घरमालकीण, तिच्या हातात यांचं डोक्यावरचं छप्पर. बाजूला खोटी बायको बनून साडी नेसलेला लक्ष्या. आणि अशोकमामा बायकोची ओळख करून देताना जीभ घसरवतात, पण चेहऱ्यावर विनोद केल्याचा मागमूस नाही, घर हातचं जाईल ही धास्ती खरी आहे. लक्ष्या साडीत उभा आहे म्हणून कुणी त्याला जास्तीचे चाळे करायला लावलेले नाहीत. हसू येतं ते गरज खरी आहे म्हणून. पुण्यात भाड्याची खोली मिळत नाही, जवळ पैसे नाहीत, मग माणूस काय काय करेल! सत्तर रुपये वारले हे ऐकून आपण लोटपोट होतो तेव्हासुद्धा मुळाशी पैशाची चणचणच आहे. डिरेक्टरने ही चणचण कुठे सुटू दिली नाही, आणि ते सोपं नाही. पुढे २००४ मध्ये 'नवरा माझा नवसाचा' आला तर जवळजवळ अख्खा पिक्चर एसटीत, गणपतीपुळ्यापर्यंत, तिथे पुन्हा तीच कोंडलेली माणसं, फक्त खोलीला चाकं लावली.

आणि सचिनला फक्त कॉमेडीच जमते म्हणणाऱ्यांनी १९८९ चा 'आत्मविश्वास' बघावा.

आता महेश. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण या गड्याला आपण कमी लेखतो असं माझं प्रामाणिक मत आहे. मराठी पिक्चर म्हणजे घर, संसार, सासू, पाटील, तमाशा असं चाललेलं असताना याने पोरांना व्हिलन दिले. टकलू हैवान, कवट्या महाकाळ, तात्या विंचू. नावं बघा नुसती! गल्लीत खेळताना आम्ही कवट्या महाकाळ व्हायला भांडायचो, हिरो व्हायला कोणी तयार नसायचं. १९९० मध्ये 'धडाकेबाज' त्याने सिनेमास्कोपमध्ये काढला, मराठीत तेव्हा हे धाडस होतं, आणि त्यातच बाटलीतला गंगाराम, म्हणजे एकाच फ्रेममध्ये एक लक्ष्या मोठा आणि एक बोटभर. आज कॉम्प्युटरवर हे कोणीही करेल. तेव्हा कॅमेऱ्यासमोर लक्ष्याने रिकाम्या जागेकडे बघून बोलायचं आणि नजर नेमकी तिथेच ठेवायची, नाहीतर सगळं फसलं.

'झपाटलेला' १९९३ चा, त्यात तर ही कसरत तिप्पट आहे. तात्या विंचू म्हणून आपण ज्याला घाबरतो तो कोण आहे सांगा? बाहुला रामदास पाध्यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा, आणि भीती लक्ष्याची. तिघांचं काम तीन वेगळ्या ठिकाणी चाललंय. बाहुल्याचा चेहरा लाकडासारखा, तो काही भाव देणार नाही, फार तर मान वळेल, तोंड उघडेल, डोळे फिरतील. मग बाहुला जिवंत आहे हे आपल्याला पटतं कशामुळे? लक्ष्या त्याच्याकडे बघतो त्याच्यामुळे. आणि दुसरं कोणी खोलीत आलं की बाहुला निपचित, आता लक्ष्याने सगळ्यांना ओरडून सांगायचं की हा बोलला हो, आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवायचा नाही. लहानपणी मला त्या सीनला हसूही यायचं आणि लक्ष्याची दयाही यायची. हे तीन तुकडे जोडून एक जिवंत पात्र उभं करणं याला मी डिरेक्शन म्हणतो, याच्यापेक्षा जास्त काय हवं असतं.

गाडीतल्या भांडणात आणखी एक पोटभांडण असतं, लक्ष्या कुणाचा आणि मामा कुणाचे. माझं म्हणणं, मामा सचिनकडे जास्त खुलले, कारण तिथे त्यांना दुसऱ्याच्या वाक्यावर खेळायला मिळालं. अर्थात 'धुमधडाका'मधलं ते व्याख्या विख्खी वुख्खू महेशकडचं आहे, हे टीम महेश लगेच ओरडून सांगेल आणि बरोबर सांगेल. पण लक्ष्या महेशचा. 'थरथराट'मध्ये तो लक्ष्या टांगमारे, 'झपाटलेला'मध्ये लक्ष्या बोळके, म्हणजे लोकांनी प्रेमाने ठेवलेलं नावच महेशने पात्राला देऊन टाकलं आणि शेजारच्या भित्र्या, प्रेमळ, गडबड्या पोराला पिक्चरच्या मधोमध उभं केलं. स्वतः इन्स्पेक्टर, डॅमिट म्हणत पिस्तूल घेऊन धावणारा, तरी पिक्चर लक्ष्याचाच, हिरो असलेल्या डिरेक्टरला असं करवत नाही हो सहसा.

तर माझा निकाल. दोघांच्या सगळ्या पिक्चरमध्ये सगळ्यात चांगला एक कुठला, तर बनवाबनवी, यात मला शंका नाही. पण दोघांत मोठा डिरेक्टर कोण विचाराल तर महेश कोठारे. बनवाबनवीला सबनिसांची वाक्यं होती, महेशला मात्र बाहुला, बाटली, मुखवटा असं सगळं मुळापासून जमवावं लागलं, त्यासाठी मराठीत आधीची वाटच नव्हती.

मागे कोणीतरी मान हलवतंय, टीम सचिन दिसते. या, माइक तुमच्याकडे येतोय, पण नुसता डायलॉग म्हणून दाखवू नका, सीन सांगा.