इंजिन गप्प, खाली शिवार

(दृश्य : कॉकपिटमधून लातूरचं शिवार. इंजिनाचा आवाज उतरत जातो.)

प्रशिक्षकाने थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा, मागे ओढला आहे. हा सराव आहे, इंजिन बंद पडलं तर शेतात उतरायचा. इंजिन चालू आहे, पण जोर लावत नाही. अल्टिमीटर, म्हणजे उंचीमापक, 3,500 फूट दाखवतो. तो मोजतो समुद्रसपाटीपासून, आणि लातूरची जमीनच सुमारे 2,000 फुटांवर आहे. म्हणजे हाताशी दीड हजार फूट. सेस्ना 172 सारखं चार आसनांचं विमान इंजिनाविना एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे जातं. वारा नसेल तर चार किलोमीटर आणि दोन मिनिटं, एवढंच गाठीला.

विद्यार्थिनीचा हात बघा. आधी नाक खाली, वेग 65 ते 68 नॉटवर (तासाला सुमारे 120 ते 126 किलोमीटर) बांधलेला. मग इंधनाची कळ, मिक्श्चर (इंधन-हवेच्या मिश्रणाची कळ), मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारा). खऱ्या प्रसंगात कधीकधी एवढ्यावर इंजिन परत धरतं. नाहीच धरलं तर रेडिओच्या आणीबाणीच्या 121.5 वर तीनदा ‘मेडे’ ही मदतीची हाक, आणि ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्रावर, आणीबाणीचा आकडा 7700. पण डोळे सगळा वेळ बाहेर. वावर शोधायचं आहे.

(दृश्य : तेच शिवार, बांधावरून. प्रशिक्षक, विद्यार्थिनी आणि शेतमालक.)

वरून सगळी वावरं सारखीच सपाट वाटतात. शेतमालक बोट दाखवून सांगतायत, ते डावीकडचं गुळगुळीत हिरवं म्हणजे उसाचा फड. त्यात माणूस उभा दिसत नाही. तिथे चाकं अडकली की विमान उलटलंच म्हणून समजा. पलीकडे हरभरा निघालेलं रान. बुडखे बोटभर, जमीन घट्ट. उतरायचं तर इथे.

पण हे उत्तर मार्चचं. जुलैत हीच काळी जमीन पुढचं चाक गिळते. सोयाबीन निघालं की ऑक्टोबरात बरी जागा मिळते. जानेवारीत उभी ज्वारी, मे महिन्यात नांगरट. हे ढेकूळ बघा, दोन हातांत मावत नाही. अशा रानात उतरायचंच झालं तर नांगराच्या तासांना धरून, आडवं कधीच नाही. आमचं म्हणणं एवढंच, की विमान शिकणाऱ्या पोरांना प्रत्येक हंगामात एकदा तरी बांधावरून चालवावं. धावपट्टीवर हे कळायचं नाही.

(दृश्य : कठडा नसलेली विहीर, शेततळं, डीपी, विजेचे खांब.)

कठडा नसलेल्या विहिरीही आहेत. आणि तारा. वरून तार दिसतच नाही, म्हणून खांब शोधायचे. एक खांब दिसला की दुसरा कुठे असेल ते ताडायचं, मधे तार आहे हे धरून चालायचं. रस्ता मोकळा वाटतो, पण त्याच्या कडेनेच खांबांची रांग जाते. 25 मे 2017 रोजी निलंग्यात तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच तारांत सापडून खाली आलं. सगळे वाचले. ते हेलिकॉप्टर होतं, आणि घटना उड्डाणाची. पण अशा तारा इथल्या प्रत्येक गावावरून गेल्यात.

(दृश्य : ट्रॅक्टरमागे उडणारी धूळ.)

ही धूळ वैमानिकाच्या कामाची. वारा कुठून आहे ते सांगते. समजा टेकताना विमानाचा वेग 50 नॉट आहे. 10 नॉटचा वारा समोरून असेल तर जमिनीवरचा वेग 40, पाठीमागून असेल तर 60. फरक विसाचाच वाटतो, पण आदळण्याची ऊर्जा सव्वादोन पट होते. ब्रेक कितीही चांगले असोत, ढेकळांत ते काय कामाचे!

(दृश्य : पुन्हा कॉकपिट. रान जवळ येतं.)

खरंच उतरायचं असतं तर आता मिक्श्चर बंद, इंधन बंद, फ्लॅप्स, म्हणजे पंखांमागच्या झडपा, लावून झाले की विजेचा मास्टर स्विच बंद. पट्टे आवळलेले. दरवाजा आधीच जरासा उघडायचा, म्हणजे सांगाडा वाकला तरी तो अडकत नाही. बांध समोर आला तरी नाक वर ओढायचं नाही. वेग संपला तर विमान दगडासारखं पडतं. पंख तुटले तर तुटू द्यायचे, मधली केबिन शाबूत राहिली पाहिजे.

जमिनीपासून पाचशे फुटांवर प्रशिक्षक थ्रॉटल पुढे ढकलतात आणि विमान वर निघतं.

खऱ्या प्रसंगात पुढचं काम गावाचं : जखमींसाठी 108, इंधनाचा वास येत असेल तर बिडी-काडी लांब, तुटलेल्या तारेला हात नाही. पिकाचं नुकसान, पंचनामा, पंख सोडवून विमान ट्रेलरवर चढवणं, हे सगळं त्यानंतर.