आधी कनेक्टर बघ

(दृश्य : जळगाव एमआयडीसी, मे महिन्यातली दुपार. पत्र्याची शेड. टेबलावर वाकडा झालेला पांढरा प्लास्टिकचा पंजा.)

रोबोचा हा पंजा सकाळपर्यंत सरळ होता. थ्री-डी प्रिंटरवर रात्रभर जागून काढलेला. दुपारी कुणीतरी तो गाडीत ठेवला आणि काचा बंद केल्या. प्रिंटरवर सर्रास वापरतात ते पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. जळगावच्या मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तेवढं तापमान व्हायला फार वेळ लागत नाही. पुण्यामुंबईच्या व्हिडिओंत हे कुणी सांगत नाही. इथली पोरं आता असे भाग पीईटीजी नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकचे काढतात. ते जास्त उष्णता सोसतं.

(दृश्य : प्लायवूडचं मैदान. कडेने पीव्हीसी पाइप. लाल आणि निळ्या पट्ट्या.)

तयारी चालली आहे रोबोकॉनची. एशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची ही कॉलेजच्या मुलांची रोबो-स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली. दरवर्षी यजमान देश बदलतो आणि खेळही बदलतो. पुण्याने हे यजमानपद दोनदा केलंय, २००८ आणि २०१४ साली. २००८चा खेळ तर दहीहंडीचाच होता. रोबोंनी हंडीतलं लोणी पळवायचं! २०२४ला व्हिएतनामने भातशेती दिली. रोपं लावा, दाणे गोळा करा, कणगीत भरा. भात पिकवणाऱ्या नवापूरकडच्या पोराला हा खेळ समजावून सांगावा लागला नसेल.

सामना जास्तीत जास्त तीन मिनिटांचा. त्यासाठी वर्षातले कितीतरी महिने या शेडमध्ये जातात. मग जिंकतो कोण? ज्याची मोटर महाग तो? ज्याचा कोड हुशार तो? थोडंफार खरं आहे, पण थोडंफारच. रोबो लवकर उभा राहिला आणि मग तो मोडेपर्यंत चालवला, तर संघाला काही आशा. राष्ट्रीय फेरीसाठी दिल्लीला जाताना गाडीत बसून कोड लिहिणारे संघ दरवर्षी असतात. ते बहुतेक पहिल्याच फेरीत घरी येतात.

(दृश्य : नियमांची छापील प्रत. पेन्सिलीच्या खुणा, कडेला आकडेमोड.)

पहिलं काम नियमावली वाचण्याचं. भातशेतीचाच खेळ घ्या. पाच कणग्या. त्यातल्या तीन ठरलेल्या अटींप्रमाणे आपल्या रंगाच्या दाण्यांनी भरल्या, की सामना तिथेच संपतो. घड्याळात कितीही वेळ उरलेला असो, समोरच्याचे गुण कितीही असोत. म्हणजे मेहनत कुठे घालायची ते नियमातच लिहिलंय. पण संघाच्या दोन रोबोंपैकी कणगी भरणारा रोबो पूर्ण स्वयंचलित हवा, त्याला रिमोट चालत नाही. वर दाणे तीन रंगांचे : लाल, निळे आणि पोकळ दाण्याचे जांभळे. आपला रंग निळा आला, की कॅमेऱ्याने निळा आणि जांभळा वेगळा ओळखायचा. शेडमधल्या ट्यूबलाइटखाली तो बरोबर ओळखतो. स्टेडियमच्या दिव्यांखाली गेल्यावर मात्र काय होईल, याचा नेम नाही. म्हणून शहाणा संघ सरावाला दिवे बदलतो, खिडकी उघडतो, ऊन आत घेतो, आणि मैदानावर पोचल्याबरोबर आधी कॅमेरा तिथल्या उजेडाला लावून घेतो.

सगळंच करायला जाणारा संघ मला तरी धोक्याचा वाटतो. आधी रिमोटने चालवायचा रोबो पक्का करावा. दहापैकी दहा वेळा रोप जागेवर लागलं, की मग पुढचं बघावं.

(दृश्य : जवळून. पिवळा कनेक्टर, लाल-काळ्या वायरी, सोल्डरचा डाग लावणारा हात.)

आता हा पिवळा कनेक्टर बघा. एक्सटी-साठ. बॅटरीपासून मोटरपर्यंतची सगळी वीज यातून जाते. डाग वरवरचा लागला असेल, तर तो टेबलावर चालतो. रोबो मैदानाच्या कडेला आपटला, की क्षणभर जोड सुटतो. तेवढ्या क्षणात कंट्रोलर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि आपण मैदानात कुठे उभे आहोत हे विसरून जातो. प्रेक्षकांना वाटतं, कोड चुकला. प्रोग्रामिंगवाला रात्रभर कोड तपासत बसतो. चूक असते डागात. म्हणून या शेडमध्ये काहीही बिघडलं, की पहिला आवाज येतो,

"आधी कनेक्टर बघ!"

वायरीला ताण येऊ नये म्हणून ती फ्रेमला बांधायची. थरथरीने सैल होणाऱ्या जागी नायलॉक नट लावायचा. प्रत्येक वायरीवर चिकटपट्टी, पट्टीवर नंबर. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळणारा संघ टिकत नाही.

बॅटरीचंही तेच. सहा सेलची लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी, पूर्ण भरली की २५.२ व्होल्ट दाखवते आणि वापरता वापरता खाली येते. 'दोन सेकंद पुढे जा' असा हुकूम रोबोला दिला, तर ताज्या बॅटरीवर तो पट्टी ओलांडतो आणि उतरलेल्या बॅटरीवर अलीकडेच थांबतो. म्हणून वेळ मोजायची नाही, चाक किती फिरलं ते मोजायचं. त्यासाठी एन्कोडर. पण मोटरचं चाक घसरतं, आणि घसरलेलं चाकही एन्कोडर इमानदारीने मोजतो. मग खाली मोटर नसलेली छोटी मोकळी चाकं लावायची आणि एन्कोडर त्यांना जोडायचा. त्यांना जोर लावायचा नसतो, नुसतं जमिनीला टेकून फिरायचं असतं. त्यामुळे ती क्वचितच घसरतात.

(दृश्य : लेथ मशीन. लोखंडाचा कीस उडतोय. मशीनवर वयस्क गृहस्थ.)

खान्देशातल्या संघाकडे एक गोष्ट आहे, जी पैशाने लगेच मिळत नाही. हे पाइपांचं आणि ठिबकचं गाव. भुसावळला रेल्वेची वर्कशॉपं. हाताने लोखंड घडवणारी माणसं इथे गल्लोगल्ली आहेत.

"आप्पा, एवढी बुश काढी द्या ना."

"ड्रॉइंग कोठे शे?"

पोरांकडे ड्रॉइंग नसतं. आप्पा काम करत नाहीत. पोरं तोंड पाडून परत जातात आणि दुसऱ्या दिवशी कागद घेऊन येतात. त्यावर लिहिलेलं असतं, बुशचं, म्हणजे त्या पोकळ कड्याचं, भोक २२ मिलिमीटर, कारण आत बसणारं बेअरिंग २२चं आहे. आप्पा हसतात. बेअरिंग दाबून घट्ट बसवायचं असेल, तर भोक मिलिमीटरच्या शतांशांत का होईना, पण लहान हवं. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात हा धडा असतोच. पण तो डोक्यात बसतो या मशीनपाशी.

(दृश्य : मैदानावर सराव. रिमोट एका मुलीच्या हातात. मागे एक जण स्टॉपवॉच धरून.)

रोबो चालवायला कोण? बहुतेक ठिकाणी संघाचा कॅप्टनच रिमोट घेतो, सीनियर म्हणून. इथे सगळ्यांना चालवायला लावतात आणि वेळ नोंदवतात. आणि फक्त वेळच बघत नाहीत. मध्येच कुणीतरी मुद्दाम एक वायर काढतं. ज्याचा हात त्या वेळी थरथरत नाही, त्याच्याकडे रिमोट. यंदा तो दुसऱ्या वर्षाच्या मुलीकडे आहे, आणि कॅप्टन मागे उभा राहून सेकंद मोजतोय.

आणखी एक दुखणं आहे, ते छोट्या गावात जास्त जाणवतं. शेवटच्या वर्षाची मुलं स्पर्धा संपली की नोकरीला पुण्याला जातात. कोड त्यांच्या लॅपटॉपवर, वायरिंग त्यांच्या डोक्यात. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून कोड आता सगळ्यांना उघडता येईल अशा जागी ठेवतात आणि वायरिंगचा नकाशा भिंतीवर लावतात. त्यातला आडाखा मात्र कागदावर उतरत नाही. त्यासाठी जूनमध्ये जुना रोबो नव्या मुलांच्या ताब्यात देतात. पूर्ण खोलायचा, पुन्हा जोडायचा, मैदानावर चालवून दाखवायचा. सीनियर शेडमध्ये येणार नाहीत, फोनही उचलणार नाहीत. ज्यांना ते जमतं, पुढच्या वर्षीचं वायरिंग त्यांच्याकडे जातं.