ठाणं, कोर्ट, तुरुंग आणि आता गॅलरी: हाँगकाँगच्या ताई क्वुनची गोष्ट

मंडळी, हाँगकाँगच्या सेंट्रल भागात हॉलिवूड रोडवर एक जुनं आवार आहे, ताई क्वुन, आज त्याच्याबद्दल बोलायचंय. पोलीस ठाणं, मॅजिस्ट्रेटचं कोर्ट आणि व्हिक्टोरिया तुरुंग, तिन्ही शेजारी शेजारी, एकाच आवारात. म्हणजे माणूस एका बाजूने पकडून आणला की चौकशी, खटला, शिक्षा आणि कोठडी असं सगळं आतल्या आत उरकायचं. ब्रिटिशांनी बेट घेतलं 1841 साली आणि त्याच वर्षी इथे तुरुंगाचं काम सुरू झालं. वसाहतीतल्या अगदी पहिल्या पक्क्या बांधकामांत तुरुंग आहे हे जरा लक्षात ठेवा, कारण राज्य करायला आलेल्याला आधी कशाची गरज वाटली ते त्यातनं कळतं.

मग शंभरेक वर्षं तिथे भर पडत गेली. पोलिसांची बराक 1864 ची, कोर्टाची आत्ता दिसते ती इमारत 1914 ची, हॉलिवूड रोडकडे तोंड करून उभी असलेली मोठ्या खांबांची मुख्यालयाची इमारत 1919 ची. 1860 च्या दशकापासून इथल्या पोलिसात शीख शिपाई भरती होत होते, म्हणजे पंजाबातला माणूस इंग्रजांच्या पगारावर चिनी माणसाला पकडायला उभा, हे त्या आवारातलं रोजचं दृश्य. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून बरंच नुकसान झालं. 1931 मध्ये व्हिएतनामचे क्रांतिकारक नेते हो ची मिन्ह हाँगकाँगमध्ये पकडले गेले आणि याच तुरुंगात होते, आणि त्यांच्यासाठी कोर्टात लढणारा वकील फ्रँक लोझबी हा इंग्रज होता. नंतरच्या काळात तुरुंगाचा उपयोग बराचसा परत पाठवायच्या परदेशी लोकांसाठी व्हायचा. बड्या नावांपेक्षा मला तीच माणसं जास्त आठवतात, कारण त्यांची नावं कुठल्या पाटीवर यायची शक्यता कमी.

कोर्ट 1979 ला बंद पडलं, पोलीस 2004 ला हलले, तुरुंग 2005 च्या डिसेंबरात रिकामा झाला. 1995 पासून सगळं संरक्षित स्मारक होतं, त्यामुळे पाडता येणार नव्हतं, पण संरक्षित म्हणजे सुरक्षित असं काही नसतं. सेंट्रल म्हणजे जगातल्या सगळ्यात महागड्या जमिनींपैकी एक. सरकारच्या डोक्यात होतं की पर्यटनाच्या नावाखाली टेंडर काढायचं आणि डेव्हलपरच्या हातात द्यायचं. लोकांनी आरडाओरडा केला, आणि 2004 मध्ये हो तुंग आणि आणखी काही जुनी घराणी पुढे आली, म्हणाली आम्ही 50 कोटी हाँगकाँग डॉलर देतो, इथे कलेचं काहीतरी करा. तो प्रस्ताव तसाच्या तसा झाला नाही, पण या जागेचा मॉलच झाला पाहिजे असं काही नाही हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं, आणि माझ्या मते सगळी लढाई तिथेच निम्मी जिंकली गेली.

शेवटी काम गेलं हाँगकाँग जॉकी क्लबकडे. हा क्लब घोड्यांच्या शर्यतीवरच्या पैजांतून पैसा मिळवतो आणि नफा धर्मादाय कामात घालतो. त्यांनी स्वित्झर्लंडचे हर्झोग अँड द म्युरॉन हे आर्किटेक्ट आणले आणि 2007 मध्ये जे पहिलं डिझाइन दाखवलं ते बघून लोक परत भडकले. बांबूच्या परांचीसारखी जाळीदार रचना, आवाराच्या डोक्यावर तब्बल 160 मीटर उंच! लोक म्हणाले, अहो, जुनं वाचवायला घेतलंय ना, मग त्याच्या डोक्यावर हे कशाला? विरोध इतका झाला की ते गुंडाळावं लागलं. मला वाटतं ताई क्वुनमधली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे ही न झालेली इमारत. आर्किटेक्ट चांगलेच होते, पुढे त्यांनीच सुंदर काम केलं, पण ते सुंदर झालं कारण लोकांनी त्यांना खाली बसवलं.

मग जे झालं ते असं. 16 जुन्या इमारती ठेवल्या, नव्या फक्त दोन घातल्या, एक गॅलरीची आणि एक साधारण 200 खुर्च्यांच्या सभागृहाची. दोन्ही अंगाने ठेंगण्या आणि जुन्या दगडी भिंतीच्या वर उचलून धरलेल्या, खालून माणसं जातायत येतायत. बाहेरून रिसायकल केलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे ओतीव ठोकळे आहेत. जवळ जाऊन बघा, एकेक ठोकळा खडबडीत, ओतताना उठलेले खड्डे तसेच ठेवलेत, कुठे गच्च बसवलेत, कुठे मध्ये फटी सोडल्यात म्हणजे ऊन आणि हवा आत यावी. बाजूच्या जुन्या भिंतीतला ग्रॅनाइट हाताने घडवलेला आहे, त्याच्या शेजारी गुळगुळीत काच लावली असती तर दोन्ही बिचारे दिसले असते. इथे नवं नवंच दिसतं, जुन्याची नक्कल करत नाही, पण शेजाऱ्याशी भांडतही नाही.

खर्च मात्र सुरुवातीच्या 180 कोटींवरून वाढत वाढत 380 कोटी हाँगकाँग डॉलरवर गेला. त्यात 2016 च्या मे महिन्यात, काम चालू असतानाच, विवाहित इन्स्पेक्टरांच्या राहण्याच्या इमारतीचा एक भाग कोसळला. नशिबाने कोणी दगावलं नाही. पण जुन्या विटकामाचं हे असंच असतं बघा, भिंत शंभर वर्षं उभी असते म्हणून ती मजबूत आहे असं आपण धरून चालतो, आणि प्रत्यक्षात तिचा भार कुठल्या खांबावर किती आहे हे कुठल्याच कागदावर नसतं. दोन वर्षांनी, मे 2018 मध्ये, बाकीचं आवार लोकांसाठी उघडलं, ती इमारत मात्र तेव्हा बंदच होती. 2019 मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धनाचा वरच्या श्रेणीचा पुरस्कारही मिळाला.

आता तिथलं काय भावतं ते सांगतो. दोन मोठी अंगणं. एक पोलिसांच्या परेडचं मैदान आणि एक कैद्यांना फिरवायचं. दोन्हीकडे कुणी तिकीट मागत नाही, लोक येऊन नुसते बसतात, आणि टेकडीवर चढणाऱ्या सरकत्या जिन्यावरून थेट पूल आलाय त्यामुळे ऑफिसातून घरी जाणारी माणसंही मधून जाऊ शकतात. ज्या शहरात बसायला जागा नाही तिथे ही दोन अंगणं म्हणजे मला कुठल्याही प्रदर्शनापेक्षा मोठी वाटतात. परेड मैदानात एक आंब्याचं झाड आहे, पोलिसांत समजूत होती की त्याला आंबे चांगले धरले की त्या वर्षी बढत्या चांगल्या होणार. एवढं बांधकाम चाललं तरी झाड तिथेच ठेवलंय, उचलून दुसरीकडे नेलेलं नाही.

आणि बी हॉल, म्हणजे जुन्या तुरुंगातली कोठड्यांची एक इमारत. तिथल्या कोठड्यांत आत जाता येतं. दार जाड, खिडकी वर आणि लहान, आणि दोन पावलं टाकली की समोरची भिंत. इथे सजावट केलेली नाही, आणि हे फार बरं केलंय.

पण दुसऱ्या एका हॉलमधल्या कोठड्यांत बार झाला, गजांच्या आड बसून कॉकटेल प्यायचं. हे मला पटत नाही, अजिबात नाही. भाड्याचा पैसा लागतो, मान्य, हॉटेलं चालवल्याशिवाय एवढी इमारत सांभाळता येत नाही. मग ती बराकीत चालवा, मुख्यालयात चालवा. माणसाला कोंडून ठेवलेली जागा मौजेची थीम करून विकायची याला माझा विरोध आहे, आणि तो असायलाच हवा.

आणखी एक प्रसंग सांगतो. 2018 च्या नोव्हेंबरात, म्हणजे उघडून सहा महिने पण झाले नव्हते, लंडनला राहणारे आणि चिनी सरकारवर टीका करणारे चिनी लेखक मा जिआन इथे साहित्य महोत्सवात बोलणार होते. ताई क्वुनने त्यांचे कार्यक्रम रद्द केले, कारण दिलं की कुणा एकाच्या राजकीय हितासाठी आमचं व्यासपीठ वापरलं जायला नको. गदारोळ झाला, दुसरी जागा मिळेना, आणि मग लगेच निर्णय फिरवून त्यांना इथेच बोलू दिलं. ते बोलले हे चांगलंच झालं. पण ज्या आवारात माणसं बोलल्याबद्दलही आत गेली, तिथे नव्या चालकांना पहिल्याच वर्षी भीती वाटावी हे मला टोचतं. इमारत दुरुस्त करायला 380 कोटी लागले, पण कुणाला बोलू द्यायचं ते आत्ताच्या चालकांना दर कार्यक्रमाला ठरवावं लागणार आहे, आणि ते काम आर्किटेक्ट करून देऊ शकत नाही.

कोणी गेलात तर आधी ठाणं बघा, मग कोर्ट, मग कोठड्या, आणि गॅलरी सगळ्यात शेवटी.