डॉक्टर काय म्हणाले?

[दृश्य : परतवाड्याहून चढणारा घाट. एसटीच्या खिडकीतून साग, बांबू, एकामागून एक वळणं.]

निवेदन :
अमरावती जिल्ह्यातलं परतवाडा सुटलं की गाडी घाटाला लागते. सेमाडोह, हरिसाल, मग धारणी. रस्ता मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो आणि इथल्या बहुतेक गावांत घरात बोलतात ती कोरकू. 2011च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सव्वासात लाखांहून जास्त नोंदले गेले. त्यातले बरेचसे सीमेपलीकडे मध्य प्रदेशात. कोरकूचा मराठीशी गोतावळा नाही, ती झारखंडकडच्या मुंडारी-संथाळीच्या कुळातली. बाजारहाटापुरती हिंदी पुरुषांना येते. म्हाताऱ्या बायकांना तेवढीही येईलच असं नाही.

[दृश्य : सरकारी रुग्णालय. केसपेपरच्या खिडकीपुढची रांग.]

नाव, वय, गाव. खिडकीवर तेवढ्यात भागतं. अडतं ते आत, डॉक्टरांच्या टेबलापाशी. डॉक्टर मराठवाड्यातले, बंधपत्राच्या सेवेवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी नोकरीवर आलेले. शिकले इंग्रजीत, बोलतात मराठी, आणि समोरची बाई पदराचं टोक तोंडात धरून गप्प बसलेली.

क्षयाचंच घ्या. औषध कमीत कमी सहा महिने चालतं. त्यातल्या रिफाम्पिसिननं लघवी नारिंगी होते. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, पण आधी सांगितलेलं नसलं की माणूस हादरतो. गोळी बाधली असं धरून पाकीट कौलाच्या सांदीत खोचून टाकतो. किंवा उलटं होतं : महिना-दीड महिन्यात खोकला थांबतो, भूक लागते, आता बरं वाटतंय म्हणून औषध सुटतं. अर्धवट सुटलेला क्षय पुढं औषधांना दाद देईनासा होऊ शकतो. गरोदर बाईला लोहाच्या लाल गोळ्या देतात, त्यांनी शौचाला काळं होतं. तिथंही हीच भीती. दोन मिनिटांत सांगून होण्यासारख्या या गोष्टी. त्या सांगितल्या जात नाहीत, आणि पुढच्या खेपेला कागदावर शेरा पडतो : ‘रुग्ण औषधं नियमित घेत नाही.’

[दृश्य : विदर्भाचा नकाशा. एकेक तालुका उजळत जातो.]

हे एकट्या मेळघाटाचं दुखणं नाही. यवतमाळात पांढरकवडा, झरी-जामणीकडे कोलाम आहेत, त्यांची कोलामी. गडचिरोलीत गोंडी, भामरागड-एटापल्लीकडे माडिया. सिरोंचात तेलुगू, मुलचेऱ्यात बंगाली. एकाच जिल्ह्याच्या रुग्णालयात एका सकाळी चार भाषांतली पोटदुखी येऊ शकते.

आणि मराठीवाल्यांचं तरी काय? वर्धा, वाशिम, बुलडाण्याचा शेतकरी बापाला घेऊन नागपूरला ‘मेडिकल’ला, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जातो. तपासण्यांचे अहवाल इंग्रजीत, सुट्टीचा कागद इंग्रजीत. संमतीपत्राबद्दल एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं आम्हाला सांगितलं,

[आवाज : शेतकरी]
“सही कुठी कराची थे सांगतेत. कायच्यासाठी कराची, थे कोनी सांगत नाही.”

[दृश्य : ओपीडीचा बाक. आई आणि आश्रमशाळेच्या गणवेशातली मुलगी. चेहरे दिसत नाहीत.]

निवेदन :
मग सोबतीला येतं लेकरू. आश्रमशाळेत सातवी-आठवीत असलेलं, मराठी बऱ्यापैकी बोलणारं. डॉक्टर विचारतात, “पाळी कधी आली होती? अंगावरून जातं का?” मुलगी खाली बघते. आईला काहीतरी विचारते, आई काहीतरी सांगते. मुलगी म्हणते, “पोट दुखतंय.” पोटदुखीची गोळी मिळते. नवरा सोबत असेल तर आणखीच अवघड. मूल नको असलं, किंवा मार बसलेला असला, तर बाईनं ते त्याच्याच तोंडून सांगायचं?

अमेरिकेत हा प्रश्न कायद्यानं सोडवायचा प्रयत्न झाला. 1964च्या नागरी हक्क कायद्यापासून सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयांवर भाषेची जबाबदारी येत गेली. 2010च्या आरोग्य कायद्याखाली 2016 मध्ये जे नियम झाले, त्यांत अल्पवयीन मुलांना दुभाषी म्हणून वापरायला मनाई आहे. सवलत फक्त आणीबाणीत. तिथंही सगळं सुरळीत चालतं अशातला भाग नाही. पण लेकराला मध्ये घालणं चूक आहे, एवढं तरी कागदावर आहे.

[दृश्य : तपासणी खोली. टेबलावर कागद, पेन. एक नवराबायको, शेजारी झाडू भिंतीला टेकवून उभ्या असलेल्या मावशी.]

खरं तर आपल्याकडे दुभाषी आहेच. या रुग्णालयात ती एक मावशी आहे. वॉर्ड झाडणं, बेडपॅन काढणं, चादरी मोजणं हे तिचं काम. कोरकू पेशंट आला की हाक येते, “मावशी, जरा या बरं!” ती हातातलं टाकून येते. त्याचा वेगळा पैसा नाही, कुठे नोंदही नाही.

आम्ही गेलो त्या दिवशी सिकलसेलचा, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा अहवाल आला होता. नवरा वाहक, बायकोही वाहक. वाहक म्हणजे आजारी नव्हे, दोष पुढच्या पिढीला देऊ शकणारा. पण दोघंही वाहक असले तर दर खेपेला होणाऱ्या बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक, नुसतं वाहक असण्याची चारात दोन, आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक. डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीवर वर्तुळं काढली, अर्धी काळी केली, अर्धी कोरी ठेवली. गरोदरपणात लवकर तपासणी करता येते हेही सांगितलं. चांगली पाच-सात मिनिटं घेतली. गर्दीच्या ओपीडीत एवढा वेळ देणारा डॉक्टर विरळाच.

मावशींनी कोरकूत एक वाक्य सांगितलं. ती दोघं उठून गेली.

नंतर आम्ही सोबतच्या कोरकू तरुणाला विचारलं, मावशी काय म्हणाल्या? “तुमचं दोघांचं रक्त खराब आहे, लेकरू होऊ देऊ नका.”

दोष मावशींचा कसा म्हणायचा? त्यांना वर्तुळं कुणी कधी समजावलीच नव्हती. 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, लक्ष्य 2047. तपासण्या होतील, कार्डं वाटली जातील. पण या आजारात निम्मं काम समुपदेशनाचं आहे, आणि ते मराठीत करून इथं भागत नाही.

[दृश्य : हेमलकसा. झाडांखालून रुग्णालयाकडे जाणारी वाट.]

डॉक्टरांनीच भाषा शिकावी, असं म्हणणारे बरेच भेटतात. उदाहरण तयारच असतं. 1973 मध्ये बाबा आमट्यांनी भामरागडकडच्या हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथं राहिले आणि माडिया शिकले. पण त्यांनी आयुष्य तिथं काढलं. वर्षभराच्या बंधपत्रावर आलेल्या, पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा अभ्यास डोक्यावर असलेल्या पोरानं तेच करावं ही अपेक्षा बोलायला सोपी आहे. त्यानं ‘कुठं दुखतं’ एवढं शिकावं जरूर. सिकलसेल समजावण्याइतकी कोरकू येईतो त्याची बदली झालेली असते.

मला जास्त कामाचं उदाहरण वाटतं ते शोधग्रामचं. तिथल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं गडचिरोलीच्या 39 गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. वजन करणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखणं. 1999 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी खाली. जास्त न शिकलेली गावची बाई इतकं नाजूक काम शिकू शकते, तर बारावी झालेल्या कोरकू मुलीला दुभाषाचं काम शिकवता येणार नाही का?

[दृश्य : रुग्णालयाची भिंत. रुग्णहक्कांचा फलक, त्यावर टांगलेली कुणाची तरी पिशवी.]

कायदा अगदीच मुका नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत आजाराची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळावी, असं आहे. संमती पुरेशी माहिती देऊनच घ्यायची, हे सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितलं. नव्या औषधाची चाचणी करायची तर 2019च्या नियमांप्रमाणे माणसाला समजेल अशा भाषेत माहिती द्यावीच लागते. म्हणजे प्रयोगासाठी आलेल्या माणसाला भाषा मिळते, उपचारासाठी आलेल्याला मिळेलच याची खात्री नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. वीज गेली की जनरेटरला डिझेल लागतं, त्यावर कुणी वाद घालत नाही. दुभाषाचा खर्च तसाच धरावा, असं माझं मत. ओपीडीच्या वेळात एक माणूस हजर, रात्रीच्या बाळंतपणासाठी फोनवर एक. रेंज नाही तिथं आशाताईच, पण तिला त्या कामाचे वेगळे पैसे. शिकवायचं काय? जे बोललं गेलं ते सगळं सांगायचं, गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही, ऐकलेलं गावात न्यायचं नाही. शरीराची आणि आजारांची माहिती. क्षय, सिकलसेल, लोहाच्या गोळ्या यांच्या सूचना कोरकूत, माडियात, कोलामीत रेकॉर्ड करून ठेवायला तर फारसा खर्चही नाही. आणि केसपेपरवर गावाच्या नावाखाली भाषेचा एक रकाना, म्हणजे खिडकीवरच कळेल कुणाला हाक मारायची.

[दृश्य : कार्यालय. पंख्याखाली फडफडणारी फाईल.]

मावशी पुढच्या वर्षी निवृत्त होताहेत. त्यांची जागा भरायची नाही, सफाईचं काम कंत्राटदाराला द्यायचं ठरलं आहे. निविदेचा मसुदा आम्ही पाहिला. त्यात झाडूंची संख्या आहे, फिनाइल किती लिटर ते आहे, कामगारांच्या गणवेशाचा रंगही आहे. भाषेबद्दल ओळ नाही. कार्यालयातल्या बाबूंना विचारलं तर ते म्हणाले, “सफाईवाल्याला भाषा कशाला लागते?”