पहिले पंधरा दिवस

(दृश्य: विमानतळ. पासपोर्ट तपासणीची रांग हळूहळू पुढे सरकते आहे.)

परक्या देशात स्वयंसेवक म्हणून पोहोचलेल्या विद्यार्थ्याची पहिली परीक्षा या रांगेत होते. सगळी कागदपत्रं फोनमध्ये आणि फोनची बॅटरी संपलेली, असं हमखास घडतं. शिवाय या भागात फोन वापरायला बऱ्याच विमानतळांवर मनाई असते. म्हणून हातात एक साधी प्लॅस्टिकची फाइल हवी. त्यात व्हिसाचं मंजुरीपत्र, यजमान संस्थेचं निमंत्रणपत्र, विद्यापीठाचं पत्र, विम्याची प्रत, परतीचं तिकीट, आणि राहण्याचा पत्ता व तिथल्या माणसाचा फोन नंबर कागदावर लिहिलेला. ही फाइल हातातल्या बॅगेत ठेवा. सामानाची बॅग तपासणी संपल्यावर मिळते आणि कधीकधी त्या दिवशी मिळतच नाही.

अधिकारी विचारतो, "कशासाठी आलात?" इथे गफलत होते. पगार नाही म्हणजे ते काम नव्हे, असं विद्यार्थ्याला वाटतं. अनेक देशांचा कायदा तसं मानत नाही. पर्यटक व्हिसावर येऊन स्वयंसेवा केली, तर ते परवान्याविना केलेलं काम ठरू शकतं. ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून आलेल्याला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण 30 दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते, पण येण्याचा मुख्य हेतू तो असता कामा नये. त्यासाठीच यायचं असेल तर वेगळा व्हिसा आहे. प्रत्येक देशाचा नियम निराळा. म्हणून एखादी संस्था "टुरिस्ट व्हिसावर या, पुढचं आम्ही बघून घेऊ" म्हणाली, तर तिच्याकडे जाऊ नका. अडचण आली की परत पाठवणी तुमची होते, संस्थेची नाही, आणि ती नोंद पुढच्या अनेक व्हिसा अर्जांत सांगावी लागते.

(दृश्य: पासपोर्टवरचा शिक्का, अगदी जवळून.)

शिक्का बसला की काउंटरवरून हलण्याआधी तो वाचा. तारीख, प्रवेशाचा प्रकार, किती दिवसांची मुभा. शाई पुसट असते, आकडा चुकलेला असू शकतो. तिथल्या तिथे दुरुस्ती दोन मिनिटांत होते, नंतर त्यासाठी कार्यालयाच्या खेपा घालाव्या लागतात.

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस मागणाऱ्या देशात जात असाल, तर प्रमाणपत्र लस घेतल्यापासून 10 दिवसांनी वैध होतं. निघण्याच्या आठवड्यात घेतलेली लस म्हणूनच दारात अडकवते. एकदा घेतलेली लस मात्र 11 जुलै 2016 पासून आयुष्यभर ग्राह्य धरली जाते.

(दृश्य: रात्र. खोली. अर्धवट उघडलेली बॅग.)

पहिल्या रात्री दोनच कामं. घरी पोहोचल्याचा निरोप द्यायचा, आणि जुनं सिमकार्ड चालू आहे का ते पाहायचं. नवं सिम घेतलं की जुनं काढून टाकतात, आणि मग बँकेचा ओटीपी येणं बंद होतं. खात्यात पैसे असतात, पण हातात येत नाहीत. दोन सिमचा फोन असेल तर जुनं रोमिंगवर ठेवून त्याचा फक्त डेटा बंद करा. एटीएमने "तुमच्या देशाच्या चलनात आकारणी करू का?" असं विचारलं, तर नाही म्हणा. त्यात दर महाग पडतो.

झोपेचं गणित साधं आहे. घड्याळ जितके तास बदललं, साधारण तितके दिवस शरीराला लागतात. पूर्वेकडे गेल्यावर त्रास जास्त, कारण शरीराचं घड्याळ मुळात 24 तासांपेक्षा किंचित लांब असतं आणि झोपेची वेळ उशिरावर नेणं त्याला सोपं जातं, लवकर आणणं कठीण. दिवसा उजेडात राहा. दुपारी झोप अनावर झाली तर वीस मिनिटं, अलार्म लावून.

नळाच्या पाण्याची खात्री नसेल तर ते खळखळून उकळू लागल्यावर एक मिनिट उकळायचं. दोन हजार मीटरहून उंच ठिकाणी तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं. जुलाब लागलेच आणि ओआरएसचं पाकीट नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचाच. मीठ अंदाजाने टाकू नका, ते जास्त झालं तर अपाय करतं.

(दृश्य: पलंगावर मच्छरदाणी लावली जाते आहे.)

औषध लावलेली नवी मच्छरदाणी पाकिटातून काढून चोवीस तास सावलीत वाळत घालायची. मग तिची कड गादीखाली खोचायची, चारही बाजूंनी. नुसती लोंबती सोडली तर डास आत शिरतो, आणि झोपेत हात जाळीला टेकला तर बाहेरूनही चावतो.

नोंदणीची मुदत कोणी आठवण करून देत नाही. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि सोबत घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. भेटीची वेळ उशिराची मिळते, घरमालक गावाला गेलेला असतो, आणि त्या नोंदीवाचून बँकेतलं खातंही अनेकदा अडतं. म्हणून किल्ली घेतानाच सही घ्यावी.

(दृश्य: कामाची जागा. एक विद्यार्थी भिंतीलगत उभा राहून पाहतो आहे.)

आता प्रत्यक्ष काम. पहिले पंधरा दिवस संस्थाच तुम्हाला मदत करत असते. कोणीतरी आपलं काम बाजूला ठेवून तुम्हाला रस्ता दाखवतं, कुलूप कसं उघडायचं ते शिकवतं. या दिवसांत सुधारणा सुचवू नका. कामाची माणसं नावाने ओळखा, तिथल्या भाषेतले रोज दहा शब्द लिहा आणि त्याच दिवशी वापरा. मुलांसोबत काम असेल तर बालसुरक्षेचे नियम लेखी मागून घ्या, एकटं मूल घेऊन बंद खोलीत बसू नका, परवानगीशिवाय फोटो नाहीत. नियमच नसलेल्या संस्थेत राहू नये.

नवलाई ओसरली की एक दिवस सगळं नकोसं होतं. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी 1960 मध्ये या अवस्थेची लक्षणं मांडली. वारंवार हात धुणं, पाण्याची आणि अंथरुणाची नको इतकी काळजी, क्षुल्लक उशिरावर भडकणं. ही ओळखीची वाटली तर हा नेहमीचा टप्पा आहे, तुमची निवड चुकलेली नाही. मात्र झोप आणि जेवण दोन आठवडे बिघडलेलं राहिलं, तर समन्वयकाला स्पष्ट सांगा.

पंधराव्या दिवशी समन्वयकाकडे अर्धा तास मागा. माझ्यामुळे कोणाचं काम वाढलं, कोणतं काम मी एकट्याने करू शकतो, आणि मी गेल्यावर ते कोण करणार, हे विचारा. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर ते काम त्याच दिवसापासून इथल्याच एखाद्याला सोबत घेऊन करायचं.