चार्ली वॉट्सचा उजवा हात

गणपतीतला ऑर्केस्ट्रा आठवा. निवेदक गायिकेची ओळख पाच मिनिटं करून देतो, कीबोर्डवाल्यासाठी टाळ्या मागतो आणि ड्रमवाला जातो 'व इतर साथीदार' मध्ये. माझी ही जुनी तक्रार आहे. आज माइक माझ्या हातात आहे, तेव्हा तुमची सुटका नाही.

रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडचा ड्रमर चार्ली वॉट्स हा जगातल्या सगळ्या 'इतर साथीदारां'मधला थोर माणूस. जन्म 1941 चा, लंडनचा. पोरवयात बँजो आणला, तो काही जमेना, म्हणून त्याची मान काढून टाकली, उरलेला गोल स्टँडवर चढवला आणि ड्रमच्या तारांच्या ब्रशने बडवायला लागला. वेड जॅझचं, पोटापाण्याला जाहिरातींचं चित्रकाम. 1963 च्या जानेवारीत स्टोन्समध्ये आला आणि 2021 मध्ये वारला तोवर तिथेच. लग्न 1964 चं, तेही शेवटपर्यंत एकच. रॉकवाल्यांमध्ये हा खरा चमत्कार! दौऱ्यावर ज्या ज्या हॉटेलात उतरे तिथल्या पलंगाचं चित्र काढून ठेवी. जुन्या मोटारी हौसेने जमवल्या, पण गाडी चालवता येत नव्हती. नुसता आत जाऊन बसायचा.

आता तो किस्सा. माहीत आहे त्यांनीही ऐकायचा. 1984, ॲमस्टरडॅम. सांगणारा स्टोन्सचा गिटारवाला कीथ रिचर्ड्स, त्यामुळे मीठमसाला धरून चाला. बँडचा गायक मिक जॅगर आणि कीथ रात्रभर पिऊन हॉटेलात परतलेले. पहाटे पाचला मिकने चार्लीच्या खोलीत फोन लावला: माझा ड्रमर कुठाय? पलीकडून उत्तर नाही. वीसेक मिनिटांनी दारावर टकटक. चार्ली उभा. दाढी केलेली, सूट, टाय, बूट चकचकीत. म्हणजे बघा, संतापलेला माणूस आधी दाढी करतो! आत आला, मिकची कॉलर धरली, परत मला तुझा ड्रमर म्हणायचं नाही असं बजावलं आणि ठेवून दिली एक. मिक माशांच्या ताटात पडला आणि ताटासकट उघड्या खिडकीकडे घसरत निघाला. खाली कालवा. कीथने त्याला धरलं. मैत्रीखातर नव्हे हं, मिकच्या अंगात कीथचं लग्नातलं जाकीट होतं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं. मूळ विषय, तो उजवा हात, राहिलाच.

साध्या रॉक ठेक्यात चार मात्रांत उजवा हात हाय-हॅटवर, म्हणजे झांजांच्या जोडीवर, आठ वेळा पडतो आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेला डावा हात स्नेअरवर, म्हणजे समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमवर. चार्ली नेमका त्या दोन मात्रांना उजवा हात उचलून घ्यायचा. आठातले दोन आघात गाळले, की स्नेअर एकटी, मोकळी वाजते. दुसरं म्हणजे, बहुतेक बँड ड्रमरच्या मागे चालतात. इथे चार्ली कीथच्या गिटारमागे चालायचा, किंचित उशिरा. स्टोन्सची ती लडखडती चाल या केसभर अंतरातून येते. आणि हे सगळं चार ड्रमच्या छोट्या संचावर, सोलोची हाव न धरता. जॅझमध्ये मुरलेला माणूस, दुसऱ्याला जागा देणं त्याच्या हातातच होतं.

2003 च्या एप्रिलमध्ये तो मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेला. तुमच्यातले काही जण होते तिथे, पण बघत होतात मिककडे. होय ना?

वेळ संपली म्हणतायत. प्रश्न बाहेर चहाला विचारा. बीटल्सचा ड्रमर रिंगो श्रेष्ठ की चार्ली, हा सोडून.